तिसऱ्या बंपरमधला बेडूक

हॅमट्रॅमक या पोलिश कामगारांच्या गावातल्या बायका आठवडाभरात जितके शर्ट धूत, त्याहून जास्त ब्रोंका स्किबा एका दुपारी धुवायची, आणि तेही पाण्याचा थेंब न वापरता. तीन केसांचा ब्रश, पांढऱ्या रंगाने भरलेली बशी आणि डोळ्याला लावायचं भिंग, एवढंच तिचं सामान. हॅलोरन मोटर कंपनीच्या फोटो खात्यात ती रीटचिंग करायची, म्हणजे छापलेल्या फोटोंवर ब्रश फिरवून ते साफसूफ करायची.

आजकाल जुन्या बाजारात त्या काळच्या कारखान्यांचे काळे-पांढरे फोटो चौकटीसकट विकायला असतात. आरशासारखी फरशी, रांगेने उभे गाड्यांचे सांगाडे, प्रत्येक कामगाराची कॉलर कडक आणि दात मोत्यांसारखे. लोक ते दिवाणखान्यात लावतात आणि म्हणतात, काय माणसं होती तेव्हा. माणसं होती खरी. पण फरशीवरचं तेल ब्रोंकाने पुसलेलं, कॉलरी ब्रोंकाने बदललेल्या, आणि दात तर निम्म्यांना तिनेच बसवलेले. कारण खरे दात शनिवारी संध्याकाळी वांडाच्या गुत्त्यामागच्या अंगणात पडलेले असत. सुजलेले डोळे ती उघडायची. डोक्याच्या पट्ट्या सोडवायची. पत्रे दाबणाऱ्या प्रेसखात्यातल्या माणसांना तर ती बोटंही द्यायची. त्या खात्यातला एक म्हातारा एकदा मुद्दाम जिना चढून वर आला होता.

"ब्रोंका, या फोटोत मला पाच आहेत," तो म्हणाला. "एक प्रत दे. बायको म्हणते, तू लग्नाआधीपासूनच असा होतास."

फोटो खात्याचे साहेब मिस्टर प्रेंटिस लडलो. गळ्यात ठिपक्यांचा बो, बोटांना लव्हेंडरचा वास, आणि स्वतःच्या कलेवर इतकं प्रेम की जेवताना सूपही प्रकाशाच्या दिशेने ठेवत. त्यांनी खात्यात एक नियम केला होता आणि तो ब्रोंकाच्या टेबलासमोर स्वतःच्या अक्षरात टांगला होता: क्रोमला ब्रश लावायचा नाही.

"फरशी तुमची, माणसं तुमची," ते म्हणत. "क्रोम माझं. गिऱ्हाईक गाडी घेतं ते क्रोम बघून. त्यावरची चमक मी दिव्यांनी आणतो, रंगाने नाही."

इर्मा नावाच्या एका पोरीने चाकाच्या चकचकीत क्रोमच्या बशीवर चुकून एक पांढरा ठिपका दिला होता. त्याच दुपारी तिचा डबा आणि छत्री तिच्या हातात देण्यात आली. तेव्हापासून बंपर आला की ब्रोंकाचा ब्रश त्याच्या कडेपाशी असा थांबायचा, जसा काही पलीकडे तापलेला तवा आहे.

ब्रोंका अंगाने आडवी, आवाजाने भरदार आणि हाताने हलकी, म्हणजे कामापुरती हलकी. एरवी तिचा हात जड होता हे तीन माणसांना स्वानुभवाने ठाऊक होतं, आणि त्यातला एक पाद्री होता. नवरा अँझिओच्या किनाऱ्यावर लढाईत गेला. मूलबाळ नाही. होता एक भाऊ, झिगमुंट वोल्नी, नऊ वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ही पंधराची. तिनेच त्याला वाढवला, म्हणजे खायला घातलं आणि बदडलं. येमन्स रस्त्यावरच्या घरात खाली ती राहायची, वर तो.

झिगमुंट कारखान्यात ड्रिलवर होता. बंपर गाडीला ज्या लोखंडी पट्ट्यांवर बसतो, त्यांना तो भोकं पाडायचा, दिवसाला हजार. पण गावात त्याची ओळख त्या कामाने नव्हती. ती होती त्याच्या उजव्या मुठीने. या मुठीने त्याने वांडाच्या अंगणात ओळीने तीन कोळसेवाले आडवे केले होते. संपाच्या वर्षी पोलिसाच्या घोड्याच्या नाकावर ठोसा मारला तेव्हा घोडा खाली बसला, आणि पोलीस उतरून चालत गेला, असं सांगतात. झिगमुंट स्वतः हे सांगायचा तेव्हा घोडे दोन असत.

त्याच्या खात्याचा मुकादम ऑरिन टॅकेट, केंटकीचा. डोक्यावर पिसाची हॅट, हनुवटीखाली सैल कातडं. बोलण्याआधी तो गिळायचा आणि ते कातडं फुगून खाली बसायचं. सगळा कारखाना त्याला मागून बेडूक म्हणायचा. झिगमुंट समोरून म्हणायचा. दोघांचं दोन वर्षं चाललं होतं. टॅकेट ड्रिलचा वेग वाढवायचा, झिगमुंट पट्टा घसरवून ठेवायचा, आणि एकदा तर टॅकेटच्या हॅटमध्ये दुपारच्या सुट्टीत कोणीतरी तेल ओतून ठेवलं होतं. कोणी ओतलं, ते विचारायची गरज नव्हती.

१९५३ सालच्या मे महिन्यात लडलोसाहेब कंपनीच्या नव्या पुस्तिकेसाठी फोटो काढायला खाली उतरले. कारखान्यात फोटोचा दिवस म्हणजे घरात पाहुणे यायचा दिवस. आदल्या पाळीने फरशी घासली. ड्रिलच्या डोक्यावर 'हातमोजे घालू नयेत' अशी पाटी होती; तिचा कोपरा वाकडा आणि तेलकट, म्हणून साहेबांनी ती उतरवली. मागे वरच्या साखळीला नवे कोरे बंपर टांगले. आणि टॅकेट एक खोकं घेऊन आला. त्यात पांढरे सुती हातमोजे होते, घडीसुद्धा न मोडलेले.

"साहेबांना स्वच्छ हात हवेत," टॅकेट म्हणाला. "घाला सगळ्यांनी."

"ड्रिलवर मोजे?" झिगमुंट म्हणाला. "अरे बेडका, काल जन्मलास का?"

"मशीन बंद आहे ना? मग? फोटोपुरते घाल."

मशीन खरंच बंद होतं. झिगमुंटने मोजे घातले. तीन फोटो निघाले. झिगमुंट हसला, फोटोत तो नेहमी छान हसायचा. टॅकेट शेजारी बाजूला वळून, छातीशी उघडं खोकं धरून पुढच्या माणसाला मोजे देत होता.

मग लडलोसाहेब काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "यात जीव नाही. मशीन चालू करा. लोखंडाची ती चकाकती कुरळी सालं उडू देत."

"आधी मोजे काढतो," झिगमुंट म्हणाला.

टॅकेटने गिळलं. "नवरीला भीती वाटतेय वाटतं. अर्ध्या मिनिटाचं काम. का मी करून दाखवू, मुली?"

सात-आठ जण बघत होते. गुत्त्यात ज्याच्यासाठी खुर्ची रिकामी करतात, अशा माणसाला हे वाक्य गिळता येत नाही. झिगमुंटने मशीन चालू केलं आणि पट्टी सरकवली.

मोज्याचा एक धागा लागतो, बस. ड्रिलने तो धागा गुंडाळला, धाग्याने मोजा ओढला, मोज्याने हात. ओरडायला जितका वेळ लागतो त्याच्या आत अंगठा आणि दोन बोटं गेली. रक्त वर उडालं ते साखळीच्या बंपरांवर. आणि झिगमुंटने काय केलं? उजवा हात अजून मशीनमध्ये अडकलेला असताना डाव्या हाताने टॅकेटच्या तोंडावर ठोसा ठेवून दिला. टॅकेट खोक्यासकट मागच्या ढिगात जाऊन पडला. मग कोणीतरी पट्टा ओढून मशीन बंद केलं.

ब्रोंका वरच्या मजल्यावर अंधाऱ्या खोलीत होती. लडलोसाहेब आले, फिल्मचे चार होल्डर तिच्या पुढ्यात ठेवले आणि नळाखाली हात धूत उभे राहिले. लव्हेंडरचा वास होता, आणि आणखी एक. तिने फिल्म धुतल्या. चौथी बाहेर काढून दिव्यासमोर धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: काळे दात, काळे मोजे. आणि ड्रिलभोवती, भावाच्या काळ्या तोंडावर, बंपरांवर, उडालेलं दूध.

ती तशीच ओल्या एप्रनने जिना उतरली. अंगणात झिगमुंटला स्ट्रेचरवर घालत होते आणि तो डाव्या हाताने स्ट्रेचरवाल्याला मारत होता. एका माणसाच्या हातात एक पांढरा मोजा होता, त्यात अजून काहीतरी होतं, आणि तो कोणाला द्यावा हे त्या बिचाऱ्याला कळत नव्हतं. ब्रोंकाने भावाच्या कानाखाली एक लगावली.

"पड गप," ती म्हणाली. तो गप पडला.

पाचव्या दिवशी इस्पितळात कंपनीचं पत्र आलं. झिगमुंट वोल्नी याने सुरक्षेचा नियम मोडून, फोटोत रुबाबदार दिसावं म्हणून, पॅकिंग खात्यातले हातमोजे स्वतः आणून घातले. सबब नोकरी संपली. मुकादम टॅकेट त्या वेळी ऑफिसात होते. तसं त्यांनी शपथेवर लिहून दिलं होतं.

युनियनने तक्रार लावली. ल्यूशस मेरीवेदर हा युनियनचा माणूस, भट्टीखात्यातला, दारातून आडवा होऊन आत येणारा काळा गडी. तो ब्रोंकाच्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला, "सुनावणी जुलैत आहे. सात जणांनी पाहिलं. चार म्हणतात, आम्ही खाली वाकलो होतो. तीन खरं सांगायला तयार आहेत, पण ते तिघे झिगमुंटबरोबर रोज पिणारे. पंच त्यांचं धरणार नाही."

"हरलो तर?"

"तर एका हाताचा ड्रिलवाला, नियम तोडणारा म्हणून काढलेला. या गावात त्याला झाडूही कोणी देणार नाही."

ब्रोंका समोरची कपबशी उचलून धुवायला लागली. तिच्या डोळ्यांपुढे पहिल्या तीन फिल्म होत्या. त्या तिन्हीत टॅकेट होता, हॅट, हनुवटी आणि खोक्यासकट.

पण त्या फिल्म लडलोसाहेबांच्या कपाटात होत्या, आणि सोमवारी साहेबांनी त्यांपैकी एकीचा मोठा प्रिंट तिच्या टेबलावर आणून ठेवला. बाकीच्या त्यांनी तिच्या देखत कात्रीने कापल्या.

"हा पुस्तिकेत जाणार," ते म्हणाले. "माझं वर्षातलं सर्वांत चांगलं काम आहे हे, मिसेस स्किबा. बघा, बंपरांवरचा प्रकाश बघा. फक्त डावीकडचा तो हॅटवाला नको. त्याच्या जागी खांब द्या. वकीलसाहेबांची तशी इच्छा आहे."

"हा माझा भाऊ आहे, साहेब."

"म्हणूनच तुम्हाला देतोय. त्याचं हसू दुसऱ्या कोणी खराब केलं असतं." हे ते खरंच चांगुलपणाने म्हणाले. लडलोसाहेबांचं हेच होतं. ते दुष्ट नव्हते, त्यांना माणसंच दिसायची नाहीत. "नको म्हणालात तर उद्या क्लीव्हलंडचा माणूस येतोय. आणि तुमची जागाही त्यालाच."

ब्रोंकाने भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ त्या प्रिंटवर वाकून राहिली. मग म्हणाली, "खांब कसा हवा? खिळ्यांचा की साधा?"

तिने टॅकेटला पुसायला दोन दिवस घेतले. आधी हॅट गेली, मग हनुवटी, मग खोकं. त्या जागी असा खांब उभा राहिला की कारखान्यातल्या इंजिनियरने त्याला टेकायला जावं. साहेबांनी त्या प्रिंटचा पुन्हा फोटो घेऊन नवी निगेटिव्ह केली, आणि जुनी तिच्यासमोर चार तुकडे करून भट्टीत पाठवली. पुस्तिकेच्या चाळीस हजार प्रती छापायला गेल्या.

झिगमुंट जूनमध्ये घरी आला. उजवा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा. पुस्तिका त्याला गुत्त्यात कोणीतरी दाखवली आणि वर हेही सांगितलं की हा खांब तुझ्या बहिणीचा. तो भर दुपारी घरात शिरला. ब्रोंका इस्त्री करत होती.

"तू पुसलंस त्याला?"

"माझं काम आहे ते."

"ब्रोंका, माझ्याकडे बघून सांग. बेडकाला तू पुसलंस?"

"हो."

त्याने डाव्या हाताने मारलं. डाव्याचा त्याला अजून अंदाज नव्हता, त्यामुळे ठोसा हवा त्यापेक्षा जोरात बसला. ब्रोंका इस्त्रीच्या टेबलासकट खाली गेली. उठली तेव्हा तोंडातून रक्त येत होतं आणि पुढचा दात हातात होता. तिने तो एप्रनच्या खिशात टाकला. पडलेली इस्त्री आधी उचलली, फरशीवर डाग पडेल म्हणून.

"झालं?" ती म्हणाली. "जेवण वर पाठवते."

तिने त्याला एक शब्दही सांगितला नाही. का नाही सांगितला, असं पुढे सगळ्या येमन्स रस्त्याने तिला विचारलं. ज्यांना झिगमुंटचं तोंड माहीत होतं त्यांनी विचारलं नाही. सांगितलं ते फक्त ल्यूशसला, तेही भट्टीच्या आवाजात, कानाला तोंड लावून. ल्यूशसने मागे सरकून तिच्याकडे बघितलं, मग खिशातून पुस्तिका काढली, मग तिचं भिंग मागितलं. त्यानंतर तो इतका हसला की शेजारच्या माणसाला वाटलं, याला ऊन लागलं.

बाहेर मात्र कुणकुण लागलीच. कोणीतरी टॅकेटला सांगितलं की त्या बाईने एक प्रत लपवून ठेवली असणार, रीटचिंगवाल्या सगळ्या ठेवतात. सुनावणी बुधवारी होती. टॅकेट रविवारी दुपारी आला.

ब्रोंका तळघरात बदक कापत होती. हॅमट्रॅमकमध्ये रविवारी बदकाच्या रक्ताचं सूप करतात. बदकाची मान दोन गुडघ्यांत धरायची, सुरी फिरवायची आणि रक्त व्हिनेगरच्या वाडग्यात धरायचं, म्हणजे ते गोठत नाही. तिने नुकतंच ते केलं होतं. पाय अजून झटके देत होते. टॅकेट मागच्या पायऱ्यांनी खाली उतरला आणि त्याने दार लावून घेतलं.

"फोटो कुठाय, बाई?"

"कुठला?"

"माझा."

"तुझा फोटो कोण ठेवेल घरात? दूध नासेल."

टॅकेटने गिळलं. मग पुढे होऊन तिचं उजवं मनगट धरलं आणि तिचा हात ओट्याच्या कडेवर दाबला. तो बळकट होता. त्याने तिची तर्जनी मागे वाकवायला सुरुवात केली.

"याच बोटाने मला पुसलंस ना? दोन दिवस म्हणे लागले. प्रत कुठाय?"

"प्रत नाहीये."

"शेवटचं विचारतो."

"नाहीये म्हटलं ना. आहे ती सगळ्यांच्या घरात आहे, कंपनीनेच वाटली."

हे तिच्या तोंडून निसटलं, आणि ते खरं होतं. पण टॅकेटला ते कळण्याजोगं डोकं असतं तर तो मुकादम झाला नसता. त्याने बोट मोडलं. आवाज लहानसा आला, वाळकी शेंग मोडल्यासारखा. ब्रोंका किंचाळली नाही. तिने डाव्या हाताने वाडगा उचलला आणि रक्त, व्हिनेगर सगळं त्याच्या उघड्या डोळ्यांत फेकलं. तो दोन्ही हात तोंडाला लावून वाकला, तेव्हा तिने पायांना धरून बदक उचललं आणि त्याच्या डोक्यावर आपटलं. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी बदकाचा पाय तिच्या हातात राहिला, म्हणून मग तिने लोखंडी तवा घेतला. टॅकेट चार पायांवर पायऱ्या चढत गेला. शेजारच्या बायकांनी त्याला गल्लीतून पळताना पाहिलं. हॅट नाही, तोंडावर काळंलाल, शर्टला पिसं चिकटलेली. त्यांना वाटलं, कोणीतरी जत्रेतून आलंय.

त्या रविवारी सूप झालं नाही. झिगमुंट वरून ओरडला, "खाली काय चाललंय?"

"बदक जून होतं," ब्रोंका म्हणाली.

बुधवारी सुनावणी झाली ती कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लांब टेबलाच्या खोलीत. टेबलाच्या टोकाला पंच, मिस्टर फेल्प्स, निवृत्त न्यायाधीश; कान मोठे, बोलणं कमी. एका बाजूला कंपनीचा वकील, टॅकेट आणि लडलोसाहेब. टॅकेटचे डोळे सशासारखे लाल होते. दुसऱ्या बाजूला ल्यूशस आणि झिगमुंट. ब्रोंका भिंतीशी, कामटी बांधलेलं बोट मांडीवर ठेवून, पुढचा दात नसलेली. झिगमुंट तिच्याकडे बघत नव्हता.

वकिलाने पुस्तिकाच पुढे केली. "हा पहा वोल्नी. मोजे घातलेले. खुशीत. शेजारी कोणी मुकादम नाही, कोणाची जबरदस्ती नाही."

पंचांनी फोटो पाहिला आणि मान हलवली. झिगमुंटची मान खाली गेली.

ल्यूशस उठला. "साहेब, एक विनंती. हे भिंग घ्या. मागे साखळीवर बंपर टांगलेत ना, त्यातला डावीकडून तिसरा बघा."

पंचांनी भिंग लावलं. पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. मग त्यांचे मोठे कान हळूहळू लाल झाले; ते हसू आवरत होते.

बंपर म्हणजे फुगीर आरसा. त्या तिसऱ्या बंपरमध्ये सगळं खातं वाकून बसलं होतं: कॅमेरा, काळं कापड, ठिपक्यांचा बो, झिगमुंटची पाठ. आणि त्याच्या शेजारी, आडवा चेपलेला, हॅट घातलेला, हनुवटी फुगलेली, पोटाशी मोज्यांचं खोकं धरलेला एक बेडूक. ब्रोंकाने माणूस पुसला होता. बंपर तिने शिवला नव्हता.

भिंग टेबलावरून फिरलं. झिगमुंटने डाव्या हाताने ते डोळ्याला लावलं, पाहिलं, आणि मग पहिल्यांदा भिंतीकडे, बहिणीच्या तोंडातल्या फटीकडे पाहिलं.

वकील मात्र कच्चा नव्हता. "ही बाई वोल्नीची बहीण आहे," तो म्हणाला. "धंदाच तिचा हा. हवं ते काढते, हवं ते पुसते. हे तिने रंगवलंय."

पंचांनी भिंग खाली ठेवलं. हे बोलणं पटण्यासारखं होतं. मूळ फिल्म भट्टीत गेली होती, आणि ब्रोंकाचा हात किती चालतो हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"शक्यच नाही," लडलोसाहेब म्हणाले.

वकील त्यांच्याकडे वळला. "मिस्टर लडलो—"

"नाही, माफ करा, हे मी ऐकून घेणार नाही." साहेब उभे राहिले होते. बो थरथरत होता. "माझ्या खात्यात क्रोमला ब्रश लागत नाही. एकोणीस वर्षांत लागलेला नाही. तो प्रकाश माझा आहे. त्या तिसऱ्या बंपरसाठी मी चाळीस मिनिटं दिवा सरकवत होतो. रंगवलंय म्हणे. या बाईची छाती नाही माझ्या क्रोमला हात लावायची."

"म्हणजे बंपरमध्ये जे दिसतंय," पंच सावकाश म्हणाले, "ते त्या वेळी समोर होतं."

"अर्थात होतं. जे होतं तेच दिसतं, म्हणूनच तर—" आणि मग लडलोसाहेबांना आपण कुठे आहोत ते आठवलं. ते खाली बसले आणि बो सैल करू लागले.

टॅकेटने गिळलं. त्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू आलं. झिगमुंट टेबलावरून सरळ त्याच्या अंगावर गेला. शाईची दौत, पाण्याचे पेले, वकिलाचे कागद, सगळं घेऊन. त्याला ओढून काढायला चौघं लागले. त्यातला एक ल्यूशस होता, आणि तो फारसा जोर लावत नव्हता असं पंचांनाही वाटलं. पण त्यांनी ते निकालात लिहिलं नाही.

निकाल शुक्रवारी आला. झिगमुंटला कामावर परत घ्यायचं, हत्यारांच्या खिडकीवर, जिथे एका हाताने भागतं. टॅकेट त्या आठवड्यात केंटकीला गेला तो परतला नाही. ब्रोंकाचा डबा आणि छत्री तिच्या हातात देण्यात आली. लडलोसाहेबांनी टेबलासमोरची ती पाटी उतरवली, असं म्हणतात, आणि नंतर पुन्हा लावली, कारण तिच्याशिवाय त्यांना करमेना. पुस्तिकेच्या चाळीस हजार प्रती परत मागवायचा विचार झाला, पण त्या तोवर सगळ्या राज्यांत गेल्या होत्या.

त्या शुक्रवारी झिगमुंट खाली आला आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला.

"मला का नाही सांगितलंस?"

"दुसऱ्या ग्लासाच्या आत वांडाला सांगितलं असतंस. तिसऱ्याच्या आत बेडकाला."

त्याने थोडा विचार केला. खोटं म्हणता येईना. त्याने हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. "मार," तो म्हणाला. "दाताला दात."

"बोट बरं होऊ दे."

बोट सहा आठवड्यांत बरं झालं, पण ब्रोंकाने घाई केली नाही. सगळा उन्हाळा, सगळा हिवाळा, ती मिठाची बरणी घ्यायला हात उचलायची तेव्हा झिगमुंट मान आत घ्यायचा. गुत्त्यात तो आता पाठ भिंतीला लावून बसे. घोड्याची गोष्ट सांगताना घोडा परत एकच झाला होता. "कधी मारतेस एकदाचं," असं त्याने नाताळात जवळजवळ रडून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "कशाबद्दल?" आणि त्याला सुपाचं दुसरं ताट वाढलं.

ईस्टरच्या सकाळी, आशीर्वाद दिलेल्या अंड्यांची टोपली मध्ये, पाद्रीबुवा शेजारी, शेजारपाजारची सगळी माणसं टेबलाभोवती, आणि झिगमुंट निर्धास्तपणे तोंड भरून हसत असताना, तिने मारलं. उजव्याने. बोट चांगलं जुळलं होतं. तो खुर्चीसकट मागे गेला, पाद्रीबुवा आपोआप एक पाऊल सरकले, आणि दात सॉसेजच्या ताटात सापडला.

"आता," ब्रोंका म्हणाली, "कॅमेरा आण."

जोसेफ कँपाउ रस्त्यावर पुढे तिने लग्नाचे फोटो काढायचं दुकान टाकलं. नवऱ्यामुलांचे सुजलेले डोळे ती तिथेही उघडून द्यायची. ज्या गावात लग्नात मारामारी नाही झाली तर आहेर परत मागतात, तिथे ते करावंच लागतं. पण काचेच्या खिडकीत मधोमध एक मोठा फोटो होता, त्याला मात्र तिने ब्रश लावला नाही. एक आडवी बाई आणि शेजारी एक दांडगा पुरुष, त्याचा उजवा हात पुढे, अंगठा नाही, दोन बोटं नाहीत. दोघंही तोंडभर हसतायत, आणि दोघांच्याही हसण्यात पुढच्या बाजूला तीच, तेवढीच काळी फट.